सव्वादोनचे हातमोजे

मालविकाने कॅसेट पुन्हा मागे फिरवली. सकाळपासून ही पाचवी खेप.

"आई," टेपमधून गुरुप्रसाद बोलू लागला, "बर्फात घालायचे हातमोजे हवेत. मी पायांना फळी बांधून डोंगरावरून घसरायला शिकलोय, ते तुला मागच्या टेपमध्ये सांगितलंच. पण हे माझ्यासाठी नकोत. एक जण पहिल्यांदाच बर्फात येतंय. नवखं माणूस सारखं पडतं आणि हात बर्फात जातात. म्हणून मजबूत घे. बाहेरून चामडं, आतून गरम. पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे घे, फक्त अंगठा वेगळा. बोटं एकत्र राहिली की ऊब टिकते. माप म्हणशील, तर सव्वादोनची बांगडी जाते असा हात आहे."

तिने खटकन टेप बंद केला.

"सव्वादोनची बांगडी! ऐकलंत?"

शशिकांत पेपर वाचत होता. दोहामध्ये शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे त्याला ऑफिस नव्हतं. "ऐकलं. पाच वेळा."

"एक जण म्हणे! नाव घ्यायला जीभ झडते का? लहानपणी माझा पदर धरून कासाराकडे यायचा, तिथे मापं शिकला. आता ती विद्या कुणाच्या मनगटावर चालवतोय देव जाणे."

"असेल कुणी. थंडी तर वाजणारच ना बिचारीला? चांगले घे, हात आखडू नकोस."

"बिचारी! तुम्हाला बरा पुळका आला."

शशिकांतने पान उलटलं. मालविका उठली, गॅलरीत गेली, परत आली, टेबलावरचं स्वच्छ भांडं उगाच पुसून ठेवलं. तीन वर्षं पोराचं तोंड बघितलं नव्हतं. अमेरिकेत शिकायला गेला तो गेलाच. दर सुट्टीत म्हणायचा, काम लागलंय, यायला जमणार नाही. हेच ते काम! उद्या लग्न करेल, तिकडेच राहील, आणि आपण इथे बिन महमूद भागातल्या या फ्लॅटमध्ये त्याच्या कॅसेट ऐकत म्हातारे होणार. तिला रडू येईना, नुसता संताप येत होता.

"पाठवायचे कुणाबरोबर?" तिने विचारलं.

"आपल्यातलंच कुणीतरी जातंय पुढच्या महिन्यात."

"कोण?"

"आहे गं. तू आधी आण तर."

चार वाजता दुकानं उघडली तशी ती मुनाफच्या दुकानात पोचली. मुनाफ रत्नागिरीकडचा. इथले इंग्रज लोक नाताळात युरोपात बर्फावर जातात, त्यांच्यासाठी तो दर नोव्हेंबरात थोडा माल मागवायचा.

"बर्फासाठी? या वहिनी," तो खूश होऊन म्हणाला. "दोहामध्ये हे विचारणारं मराठी माणूस पहिलंच." त्याने चामड्याची एक जोडी काढली. पिशवीसारखी, अंगठा वेगळा, मनगटाला पट्टा. "टाके बघा, दुहेरी आहेत. दहा वर्षं फाटायचे नाहीत. साइज?"

"सव्वादोनची बांगडी."

मुनाफ हसला. "अम्मीपण असंच सांगते. म्हणजे छोटा लेडीज."

मालविकाने मोजा दाबून बघितला. आत लोकर होती, मऊ, गच्च. अगदी गुरूने सांगितला तस्साच. तिच्या डोळ्यांपुढे यात शिरणारा एक गोरा, नाजूक हात आला, आणि त्या हाताला धरून बर्फात उभा असलेला तिचा गुरू.

तिने मोजा खाली ठेवला. "ते गुलाबी दाखव."

"हे? ही साधी विणलेली लोकर आहे वहिनी. पाणी पिते. बर्फात दहा मिनिटांत चिंब होतील, बोटं सुन्न पडतील."

"पडू देत."

"काय म्हणालात?"

"दिसायला बरे आहेत म्हटलं. बांध."

"पण साहेबांनी काल फोन केला होता, चांगले दे म्हणून..."

"साहेबांना काय कळतंय यातलं? बांध म्हणते ना. यल्ला, चल लवकर, उशीर होतोय."

टॅक्सीत तिला जरा बरं वाटलं. मग वाटलं, आपण किती हलकट झालो. कुणाच्या लेकीची बोटं गारठावीत असं आपण आयुष्यात कधी मनात आणलं नव्हतं. क्षणभर टॅक्सी वळवावी असंही वाटलं. पण सव्वादोनची बांगडी आठवली, आणि टॅक्सी सरळ घराकडे गेली.

घरी शशिकांत दारातच उभा होता. "मिळाले? चांगले घेतलेस ना?"

"घेतले." तिने पुडकं कपाटात सारलं.

"घालून बघितलेस?"

"मला कसे बसतील? मला अडीचची बांगडी लागते."

"अडीच?" त्याचा चेहरा पडला. "सव्वादोन ना तुझं माप?"

"वीस वर्षांपूर्वी होतं! गुरू माझ्याबरोबर कासाराकडे यायचा तेव्हा. तुम्ही कधी बघितलंत माझ्या हातांकडे?"

 शशिकांतने ऑफिसची बॅग उघडली आणि एक लिफाफा तिच्यापुढे धरला. आत विमानाचं तिकीट होतं, त्यावर तिचं नाव. सोबत गुरूचं अक्षर.

"बाबा, तिकीट काढलंत का? निघेपर्यंत आईला कळू देऊ नका. मोजे तिच्यासाठी आहेत हेही सांगू नका. स्वतःसाठी म्हटलं की ती हलक्यातलं उचलते. दुसऱ्या कुणासाठी म्हटलं, की आई कधीच कमी दर्जाचं घेत नाही."