उलटे धडे

"उसनं देणं म्हणजे बॉरो, उसनं घेणं म्हणजे लेंड. म्हण पाहू."

बायकोने भाजी चिरता चिरता ते म्हणून दाखवलं. बरोब्बर उलटं, जसं त्याने शिकवलं होतं तसंच.

"शाब्बास!" तो म्हणाला.

तो जहाज कंपनीत कारकून. तिथला पत्रव्यवहार सगळा इंग्रजीत, त्यामुळे घरात त्याचा भाव मोठा. ती दवाखान्यात नर्स. हात इतका हलका, की सुई टोचलेली कळायची नाही. पण इंग्रजी बोलायची वेळ आली की बोबडी वळायची. परदेशातल्या एका हॉस्पिटलची मुलाखत तोंडावर आली होती. "अहो, माझ्याकडून एवढी क्रियापदं घोटून घ्या ना," असं ती म्हणाली आणि तो एका पायावर तयार झाला.

पहिल्या दिवशी ब्रिंग आणि टेकची अदलाबदल त्याच्याकडून खरंच नकळत झाली. जीभ चावून तो सुधारणार होता. तेवढ्यात त्याला ऑफिसातल्या मित्राची थट्टा आठवली. "वहिनी तिकडे साहेबी पगार घेणार आणि तू इथे भांडी घासणार!" तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशीपासून मात्र तो जाणूनबुजून उलटं शिकवू लागला. त्याचा तिच्यावर जीव होता, हे खोटं नव्हे. गेलेली बायको परत येईल याची त्याला खात्री नव्हती, एवढंच. ती बिचारी रोज स्वयंपाकघरात मान डोलवत चुका पाठ करत राहिली.

मुलाखतीच्या दिवशी त्याने रजा काढली. कधी नव्हे तो स्वतः चहा टाकला. तिची समजूत कशी घालायची, कुठल्या शब्दाला पाठीवरून हात फिरवायचा, सगळं मनात जुळवून ठेवलं.

ती आली. चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली.

"जाऊ दे गं," तो घाईने म्हणाला, "आपल्याला इथे काय कमी आहे?"

"निवड झाली माझी. नवऱ्याला बरोबर आणणार का, असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, एकटीच येईन."

चहा उतू गेला. गॅस बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

"पण तुला तर..."

"पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरना म्हणून दाखवलं होतं. त्या पोट धरून हसल्या. मग त्यांनीच सगळं नीट शिकवलं."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तरी त्याने विचारलंच, "माहीत होतं, तर रोज माझ्यासमोर चुकीचं का म्हणत बसायचीस?"

तिने पुढे होऊन गॅस बंद केला.

"वाटायचं, आज तरी तुम्ही मला थांबवाल."