तळ्याचा नेम

"माझी सायकल अडगळीत टाकू नकोस. रोज तिच्यावरून तळ्यापर्यंत जाऊन ये," शेवटच्या आजारपणात ताईने बजावलं होतं. मी तिचा हात धरून हो म्हटलं. नेमाची मी पक्की, पहाटेचा जप कधी चुकवला नाही.

पण सायकल तळ्यावर न्यायची तर माझ्या चिमुकल्या इलेक्ट्रिक गाडीला रॅक हवा. टपावर लावला तर चार्जिंग लवकर संपणार, मागच्या दाराला लावला तर नंबरप्लेट झाकणार. तीन महिने मी जप आटोपला की गाडी काढून दुकानात रॅक बघायला जात होते. एक दिवस खाडा नाही!

आज दुकानदाराने हात जोडले. "मावशी, तुमचं ते तळं आहे तरी कुठं?"

"हे काय, तुमच्या दुकानामागेच."

"आणि घर?"

"सायकलने दहा मिनिटं."

त्याने हातातला रॅक परत खुंटीला अडकवला. मी गाडीची किल्ली उचलली.

घरी येऊन गाडी चार्जिंगला लावली. ताईच्या सायकलवरची धूळ पुसली, चाकांत हवा भरली आणि निघाले. दुकानावरून जावं लागू नये म्हणून मागच्या गल्लीने.