आणि बंधू

“चोवीस व्होल्टसुद्धा नाही,” थोरला ट्रकच्या केबिनमधून ओरडला आणि त्याने इंजिन बंद केलं. “म्हणे नवा डायनमो. नवा असता तर काटा अठ्ठावीसवर गेला नसता?”

सकाळपासूनची ही तिसरी वेळ. चावी मारायची, काटा दाखवायचा, चावी काढायची. ट्रकशेजारी तिघे मिस्त्री माना खाली घालून उभे होते. धाकट्याच्या हातात पाना तसाच होता. जळालेला डायनमो काल त्यानेच बदलला होता. वायरिंग, पट्टा, बॅटऱ्या, तपासायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. काल दुपारी हाच काटा अठ्ठावीसवर गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पण पाहणारा तो एकटाच.

“दादा, नवाच बसवलाय. खोकंही ठेवलंय.”

“खोकं कुणीही ठेवेल. जुन्याला रंग फासलास आणि नवा विकलास. बाबांच्या गॅरेजमध्ये चोरी करताना लाज नाही वाटली तुला?”

सख्ख्या भावाला चोर म्हणायचं तर निदान दार लावून म्हणावं. पण नाही, याला चारचौघांतच म्हणायचं होतं. पेंटरही बोलावून ठेवलेला. बाबांनी गॅरेजच्या पाटीवर थोरल्याचं नाव घातलं होतं आणि पुढे ‘आणि बंधू’. धाकट्याचा गॅरेजवरचा हक्क काय तो तेवढ्या दोन शब्दांत; कागदावर कुठेच काही नव्हतं. पेंटरने शेवटाकडून खरवडायला सुरुवात केली. ‘बंधू’ गेलं, नुसतं ‘आणि’ लोंबकळत राहिलं. एका मिस्त्रीला हसू फुटलं आणि मग त्याची त्यालाच शरम वाटली.

“मी जाईन,” धाकटा म्हणाला. त्याने संतापाने पाना जमिनीवर आपटला. “पण चोर म्हणून जाणार नाही. माझं कुठे चुकलं ते दाखव.”

“दाखवलं की काट्याने.” थोरला खाली उतरला आणि पेंटरकडे गेला.

तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर आपली गाडी न्यायला आला. इथे काय रामायण घडलंय याचा त्याला पत्ता नव्हता. तो केबिनमध्ये चढला, चावी मारली आणि फडक्याने काच पुसायला लागला. काटा पुन्हा चोवीसच्या खाली.

“बंद करा,” धाकटा वैतागून म्हणाला. “चार्जिंग होत नाहीये.”

“होईल की. सकाळी इंजिन गार असतं, सगळा करंट त्याला तापवणारा हीटर ओढतो. तो बंद झाला की चढतो काटा. थांबा दोन मिनिटं.”

धाकटा थांबला. आत कुठेतरी टक्‌ असा आवाज झाला. काटा हलला आणि अठ्ठावीसवर जाऊन बसला.

धाकट्याचा सगळा राग एका क्षणात उतरला. त्याने धावत जाऊन भावाचा हात धरला. डोळे भरून आले होते आणि तो हसतही होता.

“दादा, चल, बघ. चूक तुझीही नाही, माझीही नाही. या गाडीची तऱ्हाच तशी आहे. आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं, एवढंच.”

“हो ना,” थोरला म्हणाला. “मला तरी कुठे ठाऊक होतं.”

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“असं काय करता, दादा? मागच्या हिवाळ्यात तुम्हीच तर शिकवलंत मला, चावी मारल्यावर दोन मिनिटं काट्याकडे बघायचंच नाही म्हणून.”