मान खाली

गुडघे टेकून तरुण फादरने प्रार्थनेसाठी मान खाली घातली, आणि तीन आठवडे भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा मान वळवून बोलला.

"फादर, हे कोणी केलं?"

दारात उभ्या असलेल्या सुनेच्या हातातलं सूप हिंदकळलं. पडून मांडीचं हाड मोडल्यापासून सासऱ्यांनी तोंडाला कुलूप घातलं होतं. ना शब्द बाहेर, ना धड घास आत. हाड जुळेल, पण माणसाने मनावर घ्यायला हवं, असं डॉक्टरही म्हणाले होते.

"काय केलं, काका?"

"मागचे केस. शेळीने खाल्ल्यासारखे दिसतायत."

फादरने मानेवरून हात फिरवला. आरशासमोर उभं राहून आपले केस आपणच कापायची सवय त्याला सेमिनरीत, फादर व्हायचं शिक्षण घेतानाच लागली होती. पुढून ठीक दिसतं, मागचं कोण बघतो? उद्या बिशपांसमोर 'माणसाची प्रतिष्ठा' हा निबंध वाचायचा होता, त्या घाईत कात्री जरा जास्तच चालली होती. निबंध एकोणीस पानांचा. रुग्णांसाठी, वृद्धांसाठी आपण काय काय करावं, ते सगळं त्यात होतं.

"सूनबाई, माझी पेटी आण," म्हातारा म्हणाला. चाळीस वर्षं आपल्या केशकर्तनालयात त्याने लोकांची डोकी सांभाळली होती.

"बाबा, त्यांना उद्या चारचौघांत जायचंय," सून चाचरत म्हणाली. सासऱ्यांच्या हातात पेलासुद्धा थरथरायचा.

"म्हणूनच म्हणतो."

तुम्ही दमाल, पुन्हा कधीतरी बघू, हे शब्द फादरच्या अगदी ओठांवर आले. मग त्याने म्हाताऱ्याचे डोळे पाहिले. गेले तीन शुक्रवार तो भेटीला आला, तेव्हा त्या डोळ्यांत कोणीच नव्हतं. आज कोणीतरी दुकान उघडून बसलं होतं.

तो पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसला.

सुनेने सासऱ्यांना उशांच्या आधाराने बसतं केलं आणि फादरच्या गळ्याभोवती चादर गुंडाळली. कात्री हवेत दोनदा वाजली. केसांना भिडली की तिची थरथर थोडी कमी व्हायची, पूर्ण नाही.

"मान खाली."

दर शुक्रवारी फादर म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. आज म्हाताऱ्याचा पंजा त्याच्या डोक्यावर घट्ट बसला होता.

"आणखी खाली. लाजू नका, तुमच्या बिशपांनीही घातलीय. हमालाने घातली, मंत्र्याने घातली. मान ताठ ठेवून माझ्याकडे कोणाचे केस कापून झाले नाहीत."

"म्हणजे हमाल आणि बिशप सारखेच?"

"छे. हमालाचे केस राठ."

सून तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. फादरला हसू आवरेना. आपली एकोणीस पानं म्हणजे उंटावरून हाकलेल्या शेळ्या, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं आणि त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

"हलू नका," म्हातारा ओरडला, तोवर कात्री कानाला चाटून गेली होती. चादरीवर रक्ताचा थेंब पडला. सून धावली, फादरने हातानेच तिला थांबवलं.

शेवटी म्हाताऱ्याने त्याच्या मानेमागे आरसा धरला आणि सुनेने समोर दुसरा. केसांची रेषा उजवीकडून निघून डावीकडे वर चढत गेली होती. आरशात रेषेच्या वर म्हाताऱ्याचा चेहरा दिसत होता, गिऱ्हाईक काय म्हणतंय याची वाट पाहणारा.

'छान' म्हणून मोकळं होणं सोपं होतं.

"डावीकडे जरा वर गेलीय, काका," फादर म्हणाला.

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून रेषा निरखली.

"गेलीय खरी," तो खुशीत म्हणाला. "पुढच्या महिन्यात सरळ करू. पण लवकर या, गर्दी असते."

मग त्याने कात्री पुसली, पेटीत ठेवली आणि सुनेकडे वळला.

"ते सूप गरम कर."