जावईबापू लेथवर

लग्नात जावयाला घातलेली सोन्याची अंगठी खरं तर पितळेची होती, सासऱ्यानं स्वतःच्या लेथ मशीनवर गुपचूप कातलेली. आता तोच जावई त्याच लेथवर काम शिकायला उभा, बोटात अंगठी मिरवत. काढा म्हणावं तर लबाडी उघडी पडणार, गप्प बसावं तर बोट जाणार.

"जावईबापू, बाह्या वर घ्या, नवरदेवपण संपलं तुमचं. घड्याळ काढा." सासऱ्यानं नजर मशीनकडे वळवली. "अन् ती अंगठीपण. फिरत्या मशीनला अडकली तर बोटासकट नेईल."

जावयानं अंगठी काढली. खाली बोट हिरवंगार.

"ऑइल लागलं असेल," सासरा पुटपुटला.

"असेल की, मामा," जावई शांतपणे बोट पुसत म्हणाला. "अन् तुमच्या लेकीला सांगा, आम्ही लग्नात घातलेल्या बांगड्या पाण्यात घालू नकोस म्हणावं."