कपिलीच्या पांढऱ्या पेशी

पाथरीजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात धम्मशीला रक्त तपासायचं काम करायची. त्या दुपारी तिनं कपिली नावाच्या आजारी गायीच्या ताज्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला होता. अंगात शिरलेलं परकं ओळखायचं आणि गिळून टाकायचं, हे पांढऱ्या पेशींचं काम. पण या पेशी जंतूंना शिवतही नव्हत्या. सगळ्या एकाच बाजूला सरकत होत्या.

तिनं काच फिरवली. पेशी वळल्या आणि पुन्हा त्याच बाजूला निघाल्या.

त्या बाजूला बाकावर गायीची मालकीण केशरबाई बसली होती. "मॅडम, वासरू होती तवापासून मीच सांभाळली तिला. चार दिस झाले, मला बघितलं की लय कापायलीय. ओळखंना झालीय."

धम्मशीलानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता विचारलं, "मावशी, जरा त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहता का?"

केशरबाई उठून गेली. पेशी थबकल्या, मग एकेक करून खिडकीकडं वळल्या.

"काय दिसायलंय, मॅडम?"

धम्मशीलाला मान वर करायची हिंमत होईना. पेशी पुन्हा वळत होत्या, हळूहळू, तिच्याच खुर्चीच्या दिशेनं. पावलांचा आवाज मात्र आला नव्हता.