गोल पापड

रिटायर झाल्यावर कांचन अमेरिकेतलं बर्फाळ ॲन आर्बर सोडून उबदार फिनिक्सला राहायला गेली, आणि ऐन जानेवारीत तिनं अंगणभर वाळत घातलेल्या पापडांचा फोटो पाठवला. तिकडे ॲन आर्बरमध्ये दारातला बर्फ उपसून नुकत्याच आत आलेल्या सुलभाचा नुसता जळफळाट झाला. इतकी वर्षं सगळ्या मैत्रिणी सुलभाच्याच बेसमेंटमध्ये जमून, गप्पा हाणत पापड लाटायच्या आणि पंख्याखाली वाळवायच्या. आता बाईसाहेबांच्या दारात ऊन!

काहीतरी खोट सापडावी म्हणून सुलभानं फोटो मोठा करून पाहिला. सगळे पापड एका मापाचे, अगदी गोल. कांचनचा पापड म्हणजे नकाशा. गोल म्हणून कधी झालाच नव्हता. सुलभाची कळी खुलली. तिनं ताबडतोब फोन लावला.

"काय गं कांचन, इंडियन स्टोअरमधले पापड उन्हात मांडून आम्हाला जळवतेस होय?"





"ऊन हवं तेवढं आहे गं इथं," कांचन म्हणाली, "पण एकटीनं लाटायला बसवेना."